अंगठ्याचा ठसा

सन १९२९ च्या ऑक्टोबर महिन्यांत, पूर्व आफ्रिकेंतील केनियाच्या गिकुयू मुलुखांत, स्कॉटिश मिशनच्या चर्चमधून एक कागद फिरूं लागला. त्यावरचा मजकूर थोडका होता. सही करणारा मुलींच्या सुंतेची चाल सोडीत आहे, आणि 'किकुयू सेंट्रल असोसिएशन' या राजकीय संस्थेशीं तो संबंध ठेवणार नाहीं, एवढाच त्याचा आशय. ज्यास लिहितां येत होतें त्यानें सही करावयाची. ज्यास येत नव्हतें त्यानें शाईंत अंगठा बुडवून ठसा उमटवावयाचा. अंगठ्याच्या या ठशाला गिकुयू भाषेंत 'किरोरे' म्हणतात, आणि त्या देशाच्या इतिहासांत तें सबंध प्रकरणच याच नांवानें ओळखलें जातें. ठसा न देणारास प्रभुभोजनाच्या पंक्तींत जागा नाहीं. तो मिशनच्या शाळेंत शिक्षक असेल तर त्याची नोकरीहि नाहीं.

एका कागदावर दोन गोष्टी कां लिहाव्या, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. मुलीच्या शरीराचा प्रश्न आणि जमिनीच्या हक्कासाठीं भांडणाऱ्या संस्थेचा प्रश्न यांचा संबंध काय? मला वाटतें, त्या कागदाच्या अपयशाचें अर्धें कारण या जोडणींतच आहे. पण तिकडे वळण्यापूर्वीं ही चाल म्हणजे काय, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. विषय असा आहे कीं सभ्य मंडळींसमोर बोलतांना जीभ अडखळते. तथापि ज्या वयांत मुलींना तें सोसावें लागतें तें वय पाहतां, ऐकण्यास आपण संकोच करावा हें बरें नव्हे.

मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा कांहीं भाग अगर सर्व भाग, वैद्यकीय कारण नसतां, कापून काढणें ही ती चाल होय. कोठें शिश्निकेचा अग्रभाग कापतात, कोठें शिश्निका समूळ आणि तिच्याबरोबर भगोष्ठहि. सर्वांत भयंकर प्रकार सुदान, सोमालिया या बाजूस आढळतो: तेथें कापलेल्या कडा शिवून किंवा कांट्यांनीं टांचून, मूत्र व रज जाण्यापुरतें बारीक छिद्र राखतात, विवाहानंतर तें पुन्हां उघडावें लागतें. नवल असें कीं, सुदानांत या प्रकाराला 'फेरोंची' सुंता, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांची सुंता म्हणतात, आणि इजिप्तांत त्यालाच 'सुदानी' म्हणतात. शेजाऱ्याच्या माथीं मारण्याची ही रीत आपल्यासहि अपरिचित नाहीं. रक्तस्राव, धनुर्वात, मूत्राचा अवरोध हीं तात्काळ होणारीं संकटें. आणि जखम भरून जो कठीण वण राहतो तो पुढें बाळंतपणांत आडवा येतो, त्यांत कधीं मूल जातें, कधीं आई. आज हयात असलेल्या ज्या स्त्रियांवर हा प्रयोग झाला आहे त्यांची संख्या २३ कोटींहून अधिक असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांपैकीं सुमारें १४ कोटी आफ्रिकेंत आणि ८ कोटी आशियांत आहेत.

ही चाल अमुक एका धर्माची, असें म्हणण्याची संवय पुष्कळांना आहे. ती खरी नव्हे. ख्रिस्तपूर्व १६३ सालचा एक ग्रीक अर्ज पपायरसच्या पानावर लिहिलेला उपलब्ध आहे. मेंफिस नगराजवळच्या सेरापिसच्या देवळांत राहणाऱ्या हार्मेस नांवाच्या इसमाचा तो. तात्थेमिस या मुलीचे भिक्षेंतून सांठविलेले पैसे त्याच्यापाशीं होते. मुलगी आतां वयांत आली, इजिप्शियन लोकांच्या रिवाजाप्रमाणें तिची सुंता झाली पाहिजे, असें सांगून तिच्या आईनें ते पैसे नेले आणि नंतर कांहींच केलें नाहीं, अशी त्याची तक्रार आहे. पुढें दीडशें वर्षांच्या आंत स्ट्रॅबो हा भूगोलकार इजिप्तांत गेला, त्यानेंहि या रिवाजाची नोंद केली आहे. म्हणजे येशू ख्रिस्ताच्या व महंमद पैगंबरांच्या पूर्वींपासून ती तेथें आहे. कुराणांत तिचा उल्लेख नाहीं. नाईलच्या खोऱ्यांतले कॉप्ट ख्रिस्ती ती पाळीत आले, इथिओपियांतले ख्रिस्तीहि पाळीत आले. आणि युरोपनें यावर फार नाक मुरडूं नये. १८६६ सालीं लंडनचा नामांकित शल्यवैद्य आयझॅक बेकर ब्राऊन यानें एक पुस्तक छापून, स्त्रियांचा उन्माद, अपस्मार इत्यादि विकारांवर शिश्निका कापणें हाच रामबाण उपाय, असें प्रतिपादिलें होतें. दुसऱ्याच वर्षीं तेथील प्रसूतिवैद्यांच्या मंडळानें त्याला सभासदत्वावरून काढलें हें खरें. पण तोंपर्यंत त्याच्या हातून किती शरीरें विद्रूप झालीं असतील!

आतां गिकुयूंकडे वळूं. केनिया पर्वताच्या दक्षिणेकडील डोंगराळ, सुपीक प्रदेशांत शेती करून राहणारे हे लोक. त्यांच्यांत मुलगा आणि मुलगी दोघांच्याहि सुंतेला एकच शब्द आहे: 'इरुआ'. हा केवळ शस्त्राचा प्रयोग नव्हता. ज्या वर्षीं ज्यांची इरुआ झाली ते सर्व एका पिढीचे, एका नांवाचे सोबती होत, आणि तें नातें मरेपर्यंत टिके. गीतें, नाच, वृद्ध स्त्रियांनीं दिलेलें संसाराचें शिक्षण, पहांटे नदीच्या गार पाण्यांत अंग बधिर होईपर्यंत उभें राहणें, आणि मग तो छेद. ज्या मुलीनें डोळ्यांतून टिपूस न काढतां तें सोसलें ती स्त्री झाली, लग्नास योग्य झाली. जिची इरुआ झाली नाहीं ती कितीहि वयाची असो, 'किरिगु', म्हणजे कोरीच. हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. तिच्याशीं लग्न कोण करणार? लग्न नाहीं तर जमीन नाहीं, कूळ नाहीं, मुलाबाळांत नांव नाहीं. आपल्याकडे एके काळीं ऋतु प्राप्त होऊनहि अविवाहित राहिलेल्या मुलीच्या बापाची जी अवस्था होई, ती डोळ्यांपुढें आणली म्हणजे गिकुयू बापाचें मन समजावयास कठीण जाऊं नये.

स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन त्या मुलुखांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून काम करीत होतें. डॉ. जॉन आर्थर हे १९०७ सालीं तेथें आले. हे डॉक्टर व त्यांचे सहकारी ढोंगी नव्हते, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अडलेल्या बाळंतिणी त्यांच्या इस्पितळांत येत. वणानें आवळलेली वाट आणि आंत गुदमरलेलें मूल हे प्रकार त्यांनीं स्वतः पाहिले होते. मुलांच्या सुंतेस त्यांची हरकत नव्हती, मुलींच्या सुंतेस होती, आणि हा भेद वैद्याच्या दृष्टीनें बरोबरच होता. १९२६ च्या सुमारास वसाहतीच्या सरकारनें स्थानिक कौन्सिलांकडून छेद आखूड करविण्याचा मध्यम मार्ग धरला. तो कागदावरच राहिला. १९२९ च्या मार्चमध्यें तुमुतुमु येथें चर्चची परिषद भरली आणि ही चाल पाळणारास चर्चबाहेर काढण्याचा ठराव झाला. मॅरिअन स्टीव्हन्सन या मिशनरी बाईंनीं त्याच वर्षीं 'सुंता' हा सौम्य शब्द टाकून 'अंगच्छेद' या अर्थाचा शब्द वापरण्यास सुरुवात केली. शब्द नेमका होता. पण गिकुयू माणसाच्या कानावर तो आपल्या आईला दिलेल्या शिवीसारखा पडला असल्यास नवल नाहीं.

कारण त्याच गिकुयूंच्या उत्तम जमिनी गोऱ्या मळेवाल्यांकडे गेल्या होत्या. त्यांना झोंपडीपट्टी द्यावी लागे, गळ्यांत ओळखपत्राची डबी अडकवून मजुरीसाठीं फिरावें लागे. किकुयू सेंट्रल असोसिएशन ही या गाऱ्हाण्यांची संस्था. तिचा चिटणीस जोमो केन्याटा हा १९२९ च्या आरंभीं जमिनीचीच तक्रार घेऊन लंडनला गेलेला. अशा स्थितींत धर्मोपदेशक येऊन म्हणतात कीं, मुलीची सुंता सोडा, आणि त्याच कागदावर ही संस्थाहि सोडा! लोकांत अशी वदंता उठली कीं, सुंता न झालेल्या मुलींशीं गोरे लोक लग्नें लावणार आणि त्या वाटेनें उरलेल्या जमिनीहि घेणार. वदंता खोटी होती. पण ज्याची जमीन एकदां गेली आहे त्याला ती खरी वाटण्यास पुराव्याची गरज पडत नाहीं.

चर्चें ओस पडलीं. थोगोटोच्या मुख्य ठाण्यांतील चर्चनें एका महिन्यांत आपले बहुतेक सभासद गमावले. शाळांतून मुलें निघून गेलीं. 'मुथिरिगु' नांवाचें नृत्यगीत रानांत वणवा पसरावा तसें गांवोगांव पसरलें. त्यांत मिशनऱ्यांची, सरकारधार्जिण्या पाटलांची आणि खुद्द डॉ. आर्थर यांची नांवें घेऊन निर्भर्त्सना असे. १९३० च्या जानेवारींत सरकारनें तें गाण्यावर बंदी घातली. त्याच महिन्याच्या प्रारंभीं, किजाबे येथील अमेरिकन मिशनमधल्या हुल्डा स्टुम्फ या साठी उलटलेल्या बाईंचा रात्रीं त्यांच्या घरांत खून झाला. या खुनाचा चालू वादाशीं संबंध होता कीं नव्हता, याविषयीं तेव्हांपासून मतभेद आहेत. डॉ. आर्थर यांनीं वसाहतीच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला होता. कॅथलिक मिशनऱ्यांनीं या भांडणांत पडण्याचें टाळलें, आणि त्यांच्या प्रार्थनामंदिरांस त्याची झळ फारशी लागली नाहीं. उलट स्कॉटिश मिशन सोडून आलेल्या गिकुयूंनीं वर्गण्या जमवून, स्वतः मातीच्या भिंती उभारून स्वतंत्र शाळा काढल्या. ही त्या देशांतल्या राष्ट्रीय शिक्षणाची सुरुवात. आणि तिच्या पायांत मुलींची सुंता राखण्याचा हट्ट आहे. इतिहासांत अशा गोष्टी घडतात. १९५२ सालीं माऊ माऊच्या बंडाच्या वेळीं आणीबाणी पुकारल्यावर सरकारनें त्यांतल्या बहुतेक शाळा बंद केल्या.

ता. ११ डिसेंबर १९२९ रोजीं हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटांत आला. डचेस ऑफ ॲथॉल यांनीं तो मांडला आणि एलिनॉर रॅथबोन यांनीं पाठिंबा दिला. या रॅथबोनबाईंचें नांव आपल्याकडील जुन्या वाचकांस ठाऊक असेल. मिस मेयो यांचें 'मदर इंडिया' वाचून त्या हिंदी स्त्रियांच्या प्रश्नांकडे वळल्या, आणि पुढें बालविवाहावर त्यांनीं पुस्तकहि लिहिलें. मेयोबाईंच्या त्या पुस्तकाला गांधीजींनीं गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलें होतें, हें येथें आठवतें. आणखी एक योग पाहण्यासारखा आहे. ज्या १९२९ च्या ऑक्टोबरांत किरोरेचा कागद फिरत होता, त्याच्या आदल्याच महिन्यांत हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कायदेमंडळानें हरबिलास सारडा यांचें बालविवाहनिषेधाचें बिल मंजूर केलें. १ एप्रिल १९३० पासून तो कायदा अमलांत यावयाचा होता, म्हणून त्यापूर्वीं लग्नें उरकून घेण्याची देशभर एकच घाई उडाली.

महाराष्ट्रानें तर हें नाटक त्यापूर्वीं चाळीस वर्षें पाहिलें होतें. बंगाल्यांत सुमारें अकरा वर्षांची एक विवाहित मुलगी पतीच्या अत्याचारानें मरण पावली आणि १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा दहाच्या बारांवर आला. त्या वादांत लोकमान्यांनीं जी बाजू घेतली ती सर्वांस ठाऊक आहे: सुधारणा परक्या सरकारच्या कायद्यानें नको, लोकांनीं आपण होऊन करावी. तेवढ्यावर न थांबतां १८९० सालीं त्यांनीं असाहि प्रस्ताव मांडला कीं, ज्यांस सुधारणा हव्यात त्यांनीं मुलींचीं लग्नें सोळा वर्षांच्या आंत न करण्याची प्रतिज्ञा स्वतः करावी. म्हणजे कागद आणि सही तेथेंहि आहेच. फरक हा कीं कागद कोण पुढें करतो. लोकमान्यांचें हें म्हणणें मला पूर्वीं पळवाट वाटे. किरोरेचा इतिहास वाचल्यावर त्यांतलें तथ्य दिसतें. तरी एक गोष्ट मनांत राहते कीं, लोक आपण होऊन सुधारतील तोंपर्यंत अकरा वर्षांच्या मुलींनीं काय करावयाचें? या दोन्ही पक्षांच्या भांडणांत ज्यांचें शरीर पणास लागलें होतें त्यांना कोणी विचारलें नव्हतें. १८८५ सालीं 'एक हिंदु स्त्री' या सहीनें मुंबईच्या इंग्रजी पत्रांत पत्रें लिहिणाऱ्या रखमाबाई या एकट्याच.

गिकुयूंतहि अशा बोलणाऱ्या निघाल्या. तुमुतुमुच्या चर्चमधील कांहीं स्त्रियांनीं 'न्गो या तुइरितु', म्हणजे मुलींची ढाल, या नांवाचें मंडळ स्थापिलें होतें. १९३१ सालीं, नाताळच्याच दिवशीं, त्यांनीं आपल्या भागाच्या कौन्सिलास एक पत्र धाडलें. त्याचा मतितार्थ असा. पुरुष या गोष्टीवर बोलत सुटतात याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. बाळंत होणें त्यांना नाहीं, वेदना त्यांना नाहीं. आमच्यांतल्या कित्येकी यानें मरतात, कित्येकी वांझ राहतात. मेंढरें धरावीं तशा मुली धरल्या जातात. कोणावर सक्ती करूं नका. जिला करावयाचें तिनें करावें, जिला नको तिला तिच्या वाटेनें जाऊं द्यावें. पत्रांत स्वराज्य नाहीं, बायबल नाहीं, जमीन नाहीं. त्या काळांतील जे कागद या प्रकरणीं प्रसिद्ध आहेत त्यांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. आणि पार्लमेंटांतल्या भाषणांपुढें त्याची वाच्यता झाली नाहीं, हें सांगावयास नको.

वाच्यता झाली ती केन्याटा यांच्या पुस्तकाची. लंडनला मानववंशशास्त्राचे आचार्य मालिनोव्स्की यांच्या हाताखालीं शिकून त्यांनीं १९३८ सालीं गिकुयूंच्या जीवनावर ग्रंथ लिहिला आणि त्यांत इरुआचें सविस्तर मंडन केलें. ग्रंथ वाचनीय आहे, बुद्धिमान आहे. आपल्या समाजाचें चित्र परक्यांनीं रेखाटलेलें न मानतां स्वतः रेखाटण्याचा तो पहिल्या प्रतीचा प्रयत्न होय. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शस्त्रकर्म हें निमित्त. त्याभोंवतीं सगळें शिक्षण, नीति, पिढ्यांचा क्रम गुंफलेला आहे, तो एक दगड काढाल तर भिंत कोसळेल. त्यांच्या निरीक्षणांत चूक नाहीं. चूक आहे ती निष्कर्षांत. दगड भिंतींत पक्का बसला आहे म्हणून तो कोणाच्या छातीवर नाहीं, असें होत नाहीं. हेच केन्याटा १९६३ सालीं देश स्वतंत्र झाल्यावर त्याचे पहिले पंतप्रधान आणि पुढें अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दींत या चालीला कायद्यानें हात लागला नाहीं.

सरकारी हुकमाचें काय होतें, याचीं दोन उदाहरणें सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होत नाहीं. सुदानांत १९४६ सालीं ब्रिटिशांच्या राज्यांत फेरोंची सुंता दंडनीय ठरविण्यांत आली. रुफाआ गांवीं एका सुइणीस अटक झाली, तेव्हां संतापलेल्या जमावानें तिला सोडविलें. जमावाच्या पुढें होते महमूद मुहंमद ताहा, जे पुढें उदारमतवादी धर्मचिंतक म्हणून ख्याति पावले आणि १९८५ सालीं ज्यांना आपल्याच देशाच्या हुकूमशहानें फांशी दिलें. सुंता चांगली, असें ताहा यांचें म्हणणें नव्हतें; परक्यांनीं आमच्या बायांना तुरुंगांत टाकावें हें त्यांना मान्य नव्हतें. ती चाल कायम राहिली.

दुसरें उदाहरण याहून चमत्कारिक आहे. गिकुयूंचे शेजारी मेरू लोक. १९५६ च्या एप्रिलमध्यें, कलेक्टरच्या प्रोत्साहनानें, त्यांच्या 'न्जुरी न्चेके' या वडीलधाऱ्या पुरुषांच्या पंचायतीनें मुलींची सुंता बंद केल्याचें जाहीर केलें. म्हणजे या खेपेस हुकूम वरकरणीं स्वजातीचाच होता. ऐकतांच तेरा-चौदा वर्षांच्या मुली टोळ्या करून रानांत गेल्या, दुकानांतून दाढीचीं पातीं विकत घेतलीं, आणि एकमेकींवर आपल्याच हातांनीं तो प्रयोग केला. त्यांना नांव पडलें 'न्गाइताना': 'माझी सुंता मीच करीन' असा त्याचा अर्थ. पुढील तीन वर्षांत या गुन्ह्याबद्दल २४०० हून अधिक मुली, स्त्रिया व पुरुष यांच्यावर देशी न्यायालयांत खटले झाले. दंड शेळ्यांनीं नि पैशांनीं वसूल झाला. या मुलींना कोणी धरून नेलें नव्हतें. पण सुंतेवांचून लग्न नाहीं, सोबतिणींत जागा नाहीं, हें ज्यांनीं पाळण्यापासून ऐकलें त्यांच्यापुढें वडिलांनीं एका सकाळीं दार लावून घेतलें, तेव्हां त्या भिंतीवरून चढल्या. सक्ती आणि इच्छा यांच्या सीमा किती गढूळ असतात, तें येथें दिसतें.

मग ही चाल सुटते तरी कशी? याचें उत्तर कळण्यास चीनकडे पाहावें लागतें. मुलींचे पाय बांधून लहान ठेवण्याची तेथील रूढि शेंकडों वर्षांची. बादशहांचीं फर्मानें निघालीं आणि वाया गेलीं. बापाला मुलीच्या रडण्याची दया येत नव्हती असें नाहीं. पण एकट्या बापानें पाय मोकळे सोडले तर त्याच्या मुलीला वर मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या संस्था निघाल्या त्यांनीं ही मेख ओळखली. त्यांच्या सभासदाला दोन प्रतिज्ञा घ्याव्या लागत: मी मुलीचे पाय बांधणार नाहीं, आणि पाय बांधलेली मुलगी सून करून घेणार नाहीं. दुसऱ्या प्रतिज्ञेंत सगळी किल्ली होती. शांघाय येथें १८९५ सालीं 'नैसर्गिक पाद' मंडळ निघालें, देशांतल्या सुधारकांनीं तेंच तत्त्व उचललें, आणि जी रूढि हजार वर्षें हललीं नाहीं ती बव्हंशीं एका पिढीच्या आंत मोडली. गेरी मॅकी या अमेरिकन अभ्यासकानें १९९६ सालीं एका लेखांत, सुंतेची गांठहि याच जातीची आहे, तीहि अशीच सुटेल, असें मांडलें.

पुढल्याच वर्षीं पश्चिम आफ्रिकेंतल्या सेनेगाल देशांत तें घडलें, आणि घडविणाऱ्या बायांनीं तो लेख वाचलेला नव्हता. 'तोस्तान' या संस्थेचे साक्षरतेचे वर्ग खेडोपाडीं चालत. त्यांत आरोग्य, शरीर, हक्क यांची माहिती स्त्रियांना त्यांच्याच भाषेंत दिली जाई. मालिकुंडा बांबारा या गांवच्या स्त्रियांनीं ३१ जुलै १९९७ रोजीं, बाहेरून आलेल्या पत्रकारांसमोर, आपल्या गांवांत यापुढें मुलींची सुंता होणार नाहीं असें जाहीर केलें. त्यांच्यावर शेजारच्या गांवांतून शिव्यांचा भडिमार झाला. तेव्हां केर सिंबारा गांवचे वयोवृद्ध इमाम डेंबा डियावारा यांनीं एक साधी गोष्ट सांगितली: आमच्या लेकी दुसऱ्या गांवांत जातात, दुसऱ्यांच्या आमच्याकडे येतात, एका गांवानें शपथ घेऊन भागत नाहीं. ते पायीं निघाले. ज्या गांवांशीं बेटीव्यवहार त्या गांवीं जाऊन, कोणाला दोष न देतां, दूषणाचा शब्द न काढतां, बोलत राहिले. १९९८ च्या फेब्रुवारींत तेरा गांवांनीं मिळून जाहीर शपथ घेतली. सेनेगालच्या कायदेमंडळानें निषेधाचा कायदा केला तो त्यानंतर, १९९९ च्या जानेवारींत. पुढें हजारों गांवें या मार्गानें गेलीं. सगळीं शपथेला जागलीं, असें मी म्हणणार नाहीं. पण कागद येथें आंतून निघाला होता.

केनियाचें काय झालें, हें सांगणें राहिलें. स्वतंत्र केनियाच्या कायदेमंडळानें २००१ सालीं अल्पवयी मुलींपुरता आणि २०११ सालीं संपूर्ण निषेधाचा कायदा केला. १९९८ सालीं तेथील स्त्रियांत शेंकडा ३८ जणींवर हा प्रयोग झालेला होता. २०२२ च्या पाहणींत तें प्रमाण १५ वर आलें. शिकलेल्या मुली, शहराकडे गेलेलीं कुटुंबें, चर्चमधले गिकुयू उपदेशक, आणि वर्षानुवर्षें घरोघर बोलणाऱ्या बाया यांचें हें काम. उलट वारेहि वाहतात. गांबियांत २०१५ सालीं झालेली बंदी उठविण्याचें बिल २०२४ सालीं कायदेमंडळापुढें आलें होतें. तें जुलैंत फेटाळण्यांत आलें.

हें सर्व दूरच्या आफ्रिकेंतलें, असें समजून श्रोत्यांनीं सुस्कारा टाकूं नये. मुंबईच्या दाऊदी बोहरा समाजांत सातव्या वर्षाच्या सुमारास मुलींची 'खतना' करण्याची चाल आहे. छेद लहान असतो, आणि बोलणें त्याहून कमी. १९९१ सालीं रेहाना घडियाली या मुंबईच्या विदुषींनीं 'मानुषी' या नियतकालिकांत त्यावर लेख लिहिला, तोंपर्यंत शेजारपाजारच्या मराठी घरांना याची वार्ताहि नव्हती. पुढें पंचवीस वर्षांनीं त्या समाजांतल्या स्त्रिया स्वतःच्या नांवानें बोलूं लागल्या. आजीनें किंवा मावशीनें खाऊचें, सिनेमाचें आमिष दाखवून भेंडीबाजारांतल्या एखाद्या काळोख्या खोलींत कसें नेलें, हें त्यांनीं लिहिलें. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज दाखल झाला. हा आमचा धर्माचार आहे, आफ्रिकेंतल्या अंगच्छेदाशीं त्याची तुलना करूं नये, असें विरुद्ध पक्षानें मांडलें. स्त्रीच्या देहाची अखंडता दुसऱ्या कोणाच्या अधिकाराखालीं कां असावी, असा प्रश्न न्यायमूर्तींनीं सुनावणींत विचारला. सप्टेंबर २०१८ मध्यें प्रकरण मोठ्या घटनापीठाकडे सोंपविण्यांत आलें. त्या दिवसांत न्यायालयाच्या दालनांत अर्जाच्या बाजूनें आणि अर्जाच्या विरुद्ध, दोहींकडे, बोहरा स्त्रियाच उभ्या होत्या.